मराठी निवेदन : प्रा. प्रभाकर सहस्रबुद्धे

“तिसऱ्या रांगेत बसायचं. मधोमध,” रोहिणी म्हणाली.

“आणि त्या गाढवाचं तोंड बघायचं?”

“तो मागे असतो गं ताई, सिनेमाच्या मशीनजवळ. तोंड दिसत नाही. आवाज तेवढा येतो.”

“आवाजच तर नकोय मला त्याचा!”

“हळू,” अण्णा म्हणाले. आमचे वडील आयुष्यभर ‘हळू’ आणि ‘जाऊ दे’ एवढंच बोलले. बाहेर फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : परदेशी बॅले, रंगीत. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत : मराठी निवेदन, प्रा. प्रभाकर सहस्रबुद्धे. ते वाचतानाच माझं डोकं सटकलं होतं. मी सासरी साताऱ्याला असायचे, चार दिवस माहेरी आलेली. मला काय गरज होती तिथं जायची? पण रोहिणी म्हणाली, मी जाणार. आणि ती जाणार म्हटल्यावर तिला एकटीला त्या लोकांत सोडायला मी काय मेले होते?

सांगलीतलं आमचं ते चित्रपट मंडळ म्हणजे एका शाळेचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, आणि रविवारी दुपारी घामाघूम होऊन परदेशी सिनेमे बघणारे साठ-सत्तर सभासद. सिनेमा कळत नाही अशी तक्रार झाली, म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. मशीनजवळ एक माईक ठेवायचा आणि कुणीतरी जाणकारानं पडद्यावर काय चाललंय ते मराठीत सांगत राहायचं. तो जाणकार म्हणजे प्रभाकर. कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. आवाज असा की बायका म्हणायच्या, रेडिओवर का जात नाही हा? सिनेमात काय आहे यापेक्षा प्रभाकर काय म्हणतो, हेच लोक घरी जाऊन सांगायचे. त्यानं सांगितलं ते खरं.

याच प्रभाकरशी रोहिणीचं लग्न ठरलं होतं. आदल्या वर्षी अक्षय्यतृतीयेला साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरायचं ठरलं. मग भाद्रपदात हरतालिकेला त्याच्या आईनं तिला पूजेला घरी बोलावलं. निर्जळी उपवास, तशात दुसऱ्या दिवशीच्या गणपतीच्या तयारीला दिवसभर चुलीपुढे उभं केलेलं. संध्याकाळी पोर घेरी येऊन पडली. पाणी मारलं, उठून बसली, स्वतःच्या पायांनी घरी आली. झालं ते एवढं. पण दसऱ्यापर्यंत गावात काय? रोहिणी भागवतला फिट येते. तोंडाला फेस आला, कांदा हुंगवला तेव्हा कुठं शुद्धीवर आली. प्रभाकरकडच्यांनी डोळ्यांत पाणी आणून साखरपुडा मोडला. मुलगी चांगली आहे हो, पण काय करणार, आजार! आणि डिसेंबरात प्रभाकर कोल्हापूरच्या एका छापखानेवाल्यांच्या मुलीशी लग्न करून मोकळा.

लग्न मोडलं त्याचं रोहिणीनं फार काही केलं नाही. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी शाळेत गेली. मुलींच्या शाळेत ती हंगामी शिक्षिका होती. लेझीम शिकवायची, गॅदरिंगचे नाच बसवायची, पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. तिला कायम करायची वेळ आली आणि तिथंच घोडं अडलं. वर्गात झटका आला तर? पोरी घाबरतील, पालक काय म्हणतील? शाळेच्या समितीचे अध्यक्ष डॉक्टर आठल्ये, आणि तेच या चित्रपट मंडळाचेही अध्यक्ष. अण्णांना म्हणाले, “मंगळवारच्या मीटिंगमध्ये बघू. पण खरं सांगू का, अवघड आहे.” मंगळवार म्हणजे परवाच. लग्न गेलं ते गेलं. पण ही नोकरी गेली असती, तर त्या पोरीला आयुष्यभर फिटवाली म्हणून घरात बसावं लागलं असतं.

तर आम्ही तिसऱ्या रांगेत मधोमध बसलो. डॉक्टर पहिल्या रांगेत. मागे मशीनजवळ प्रभाकर, आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीत त्याची नवी बायको मंदाकिनी. गोल चेहऱ्याची, बोलक्या डोळ्यांची, नवऱ्याकडे कौतुकानं बघत बसलेली. दिवे गेले.

पडद्यावर पडदा उघडला. म्हणजे नाटकगृहच होतं ते, तिथं नाच चाललेला आणि कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलेलं. बोलणं नाही, गाणं नाही, नुसतं वाजवणं आणि नाचणं. दीडशे वर्षांपूर्वीचा बॅले आहे, प्रभाकरनं सांगितलं. पुरुषांचे ते घट्ट पायमोजे बघून आमच्या मागच्या काकू “शी बाई!” म्हणाल्या आणि शेवटपर्यंत डोळा न हलवता बघत राहिल्या.

मला नाचातलं काही कळत नाही, पण ती मुलगी! पायाच्या अंगठ्यावर उभी राहायची आणि असं वाटायचं, हिला वजनच नाही. खेड्यातली साधी पोर. तिच्या दारात एक तरुण येतो, साध्या कपड्यांत. हिचं त्याच्यावर प्रेम बसतं. फुलाच्या पाकळ्या एकेक तोडून बघते, याचं माझ्यावर आहे की नाही. रोहिणी पुढे झुकून बघत होती, बोटांनी मांडीवर ताल धरून. किती दिवसांनी तिला तसं बघत होते मी.

“हा तरुण म्हणजे खरा सरदारपुत्र,” मागून आवाज आला. “वेश बदलून आलेला आहे. पण त्याचं प्रेम खरं आहे, मंडळी.”

मग शिकारीला निघालेली सरदार मंडळी येतात. त्यांच्यात एक श्रीमंत मुलगी. ती या पोरीला जवळ बोलावते, दोघी बोटांच्या खुणांनी बोलतात. माझं लग्न ठरलंय. माझंही ठरलंय. श्रीमंत मुलगी खूश होऊन आपल्या गळ्यातला हार हिच्या गळ्यात घालते. आणि थोड्या वेळानं कळतं, दोघींचा वर एकच.

हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. मला वाटलं, आता बोल ना, बोल काहीतरी, मोठा जाणकार! पण त्या प्रसंगाला प्रभाकरला नेमका खोकला झाला होता.

पडद्यावर ती पोर वेडी झाली. केस सुटले. जमिनीवरची तलवार उचलून फरफटत नेऊ लागली. मघाच्याच पाकळ्या, पण आता हातात फूल नाही, नुसतीच हवेतून तोडतेय. आणि तेवढ्यात तो आवाज, संथ, मधाळ :

“इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही मुलगी आधीपासूनच मनानं आणि शरीरानं दुबळी होती. आजार तिच्यात मुळातच होता. अशी माणसं आपल्याकडेही असतात. त्यांना धक्का सोसत नाही. त्यामुळे दोष त्या तरुणाचा म्हणता येणार नाही.”

दोष त्याचा म्हणता येणार नाही!

अंधारातसुद्धा मला कळलं, माना वळल्या. एकेक करून सगळ्या आमच्या रांगेकडे. पुढून डॉक्टर आठल्येंनीही मान वळवली. रोहिणीची बोटं मांडीवर थांबली होती. पडद्यावर ती पोर मेली आणि रीळ संपलं.

मंडळाकडे मशीन एकच. रीळ बदलायचं म्हणजे दिवे लागायचे, दहा-पंधरा मिनिटं गप्पा व्हायच्या, मग पुढचा भाग. दिवे लागले तशी मी उठले.

“ताई,” रोहिणी म्हणाली.

“माणिक, जाऊ दे,” अण्णा म्हणाले.

“नाही जाऊ देणार! एकदा जाऊ दिलंत ना? काय झालं? गेलंच ना सगळं?”

मी खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेले. लोकांनी पाय बाजूला घेतले. माझा हा स्वभाव गावाला माहीत होता. माझी सासू म्हणायची, ही रागावली की घरातल्या भांड्यांनीसुद्धा गप्प राहावं.

“प्रभाकरराव,” मी म्हणाले, “ते शेवटचं वाक्य सिनेमात कुठं होतं, दाखवा जरा.”

“माणिकताई, हे निवेदन आहे. अर्थ उलगडून सांगावा लागतो.”

“अर्थ? का स्वतःची कातडी? एक बाई गप्प नाचतेय, तिला बोलता येत नाही म्हणून तुम्ही तिच्या तोंडात वाट्टेल ते कोंबायचं? आधीपासून आजारी म्हणे! कुणी सांगितलं तुम्हाला? तिच्या आईनं?”

“आवाज खाली ठेवा. लोक बघतायत.”

“बघू देत! माझ्या बहिणीकडे मघाशी बघत होते, आता तुमच्याकडे बघू देत.”

डॉक्टर आठल्ये लगबगीनं आले. “माणिक, ही जागा नव्हे. हा खासगी विषय—”

“खासगी? परवा तुमच्या मीटिंगमध्ये कुठला विषय आहे मग? डॉक्टर ना तुम्ही? एकदा तरी नाडीला हात लावलात तिच्या? गावगप्पांवर रोग ठरवता, औषधपण तसंच देता का पेशंटला?”

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर लाल झाले. प्रभाकर मात्र शांत. तो शांतपणा असा साळसूद होता, की मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं.

“हे बघा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “मला रोहिणीबद्दल आजही आदर आहे. पण हरतालिकेच्या दिवशी आमच्या घरी जे झालं, ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. आमचा नाइलाज झाला. त्याच्यानंतरच आमच्या घरच्यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. मंदाकिनीचं स्थळ त्याच्या कितीतरी नंतर आलं. विचारा तिला.”

विचारा तिला, म्हणाला. स्वतःच्या तोंडानं म्हणाला. एवढी वर्षं सगळे ऐकून घेत आले, त्याची सवय झाली होती मेल्याला.

मंदाकिनीच्या भुवया आकसल्या. “कुठल्या हरतालिकेला हो?”

“गेल्या. जाऊ दे, तू नको यात—”

“गेल्या हरतालिकेला तर मी तुमच्या नावानं उपवास केला होता.”

प्रभाकर माईकशी चाळा करू लागला.

“श्रावणात नाही का तुम्ही, मामंजी आणि सासूबाई आमच्याकडे आलात?” ती आठवून आठवून बोलत होती, भांडायला म्हणून नाही. “सोमवार होता, आई म्हणाली उपासाचं चालेल ना. तेव्हाच शब्द झाला. म्हणून तर आई म्हणाली, आता ठरलंय, तर यंदा निर्जळी कर हरतालिका. मी केली. पाणीसुद्धा नाही घेतलं.” ती माझ्याकडे वळली. “तुमच्या बहिणीला ते कशानं झालं होतं?”

“उपवासानं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. “ती पण निर्जळी होती. याच्याच नावानं.”

मंदाकिनीनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. रोहिणी तिथं उभी होती, खुर्चीच्या पाठीला धरून. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुणीही हार काढून दिला नाही, पण मघाचा पडद्यावरचा प्रसंग सत्तर माणसांनी दुसऱ्यांदा बघितला, आणि या खेपेला निवेदनाची गरज लागली नाही.

मागच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, “अगं बाई! म्हणजे एकाच दिवशी दोघी उपाशी, आणि हा?”

“श्रावणात नुसतं बोलणं झालं होतं,” प्रभाकर म्हणाला. “पक्कं असं काही—”

“पक्कं नव्हतं?” मंदाकिनी म्हणाली. “आईनं मला साडी नेसवून पुढ्यात बसवलं. तुमच्या आईनं ओटी भरली माझी. ते काय होतं मग?”

तो तिच्या दंडाला धरायला गेला. तिनं हात सोडवून घेतला, पर्स उचलली आणि भिंतीकडे जाऊन उभी राहिली. आमच्याकडे आली नाही, त्याच्याकडेही नाही. मला तिचीच दया आली खरं तर. पण दया करायला सवड नव्हती, माझं डोकं अजून भणभणत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मशीनवाला म्हणाला, “रीळ चढलंय. लावू का?”

“लाव, लाव,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. त्यांना अंधार हवा होता. आणि दिवे गेले.

दुसरा भाग निवेदनाशिवाय झाला. माईक तसाच चालू होता, त्यातून मधूनच प्रभाकरचा श्वास ऐकू यायचा, मग कुणीतरी तो बंद केला.

रानातली रात्र. त्या पोरीची कबर. आणि पांढऱ्या झिरझिरीत वेशातल्या बायका, एकीमागून एक, किती आल्या देव जाणे. कुणी सांगायची गरजच नव्हती. लग्नाआधीच फसवलेल्या, मेलेल्या पोरी त्या. रात्री जो पुरुष सापडेल त्याला नाचवून नाचवून मारायचं, हा त्यांचा धंदा. मला फार आवडल्या. एकाला त्यांनी तळ्यात ढकललं, तेव्हा मी जवळजवळ टाळी वाजवली.

मग तो आला. सरदारपुत्र. हातात फुलं, चेहरा पाडलेला. आता मेल्यावर फुलं! त्या बायकांनी त्याला घेरलं आणि म्हटलं, नाच. तो नाचू लागला, दमला, पडला, पुन्हा उठवला. मारा, मारा, मी मनात म्हणत होते. आणि ही मूर्ख पोर, हीच कबरीतून उठून त्याच्या आडवी उभी राहिली! त्याला पाठीशी घातलं. तो थकला की त्याच्याऐवजी स्वतः नाचली. पहाट होईपर्यंत त्याला जिवंत ठेवलं आणि परत कबरीत गेली.

“अगं मरू दे ना त्याला!” मी मोठ्यानंच म्हणाले. कुणी मला गप्प केलं नाही. बाजूला रोहिणी रडत होती की नाही, अंधारात कळलं नाही.

दिवे लागले. एरवी लगेच खुर्च्या वाजायच्या, चपला शोधणं सुरू व्हायचं. त्या दिवशी कुणी उठेना. आणि मधल्या वाटेनं प्रभाकर आमच्या रांगेपाशी आला. एवढ्या लोकांच्या देखत, हात जोडून. त्याला वाटलं असणार, हीच वेळ. लोकांचे डोळे ओले आहेत, एवढ्यात उरकून घ्यावं.

“रोहिणी,” तो तोच आवाज काढून म्हणाला, “चुकलं माझं. झालं गेलं विसरून जा. तू मोठ्या मनाची आहेस. आत्ता पडद्यावर बघितलंसच, खरी स्त्री कशी माफ करते.”

अण्णांनी मान हलवली. मागे एकदोन बायकाही “हो, जाऊ दे आता” असं पुटपुटल्या. मला वाटलं संपलं. ही माफ करणार. लहानपणापासून माझ्या मारामाऱ्या मी करायचे आणि तिच्याही मीच करायचे, आणि ही शेवटी ज्यानं हिची वेणी ओढली त्यालाच आवळा द्यायची.

रोहिणीनं पदरानं नाक पुसलं.

“ती मेलेली होती,” ती म्हणाली. “तिला काय, माफ करून परत कबरीत जायचं होतं. मला उद्या शाळेत जायचंय.”

“म्हणजे?”

“माईक घ्या.”

“रोहिणी, मी माफी मागितली आहे.”

“माझ्यापुरती मागितलीत. मला फिट येते हे सगळ्या गावाला सांगितलंत. घ्या माईक.”

त्यानं इकडे तिकडे बघितलं. डॉक्टरांकडे, अण्णांकडे, भिंतीशी उभ्या असलेल्या बायकोकडे. मंदाकिनी हललीसुद्धा नाही. मी मात्र हलले. मागे गेले, माईक उचलून चालू केला, त्याची वायर खुर्च्यांवरून ओढत आणली आणि त्याच्या हातात कोंबला.

“चालू आहे,” मी म्हणाले. “बोल.”

त्यानं घसा साफ केला. “रोहिणी भागवत यांना… फिट आलेली नव्हती. उपवासानं घेरी आली होती.” तो थांबला.

“तुम्हाला ते माहीत होतं का?” रोहिणीनं विचारलं.

“मला माहीत होतं.”

“मग तसं का सांगितलंत?”

त्या आवाजातला सगळा मध गेला होता. “माझं लग्न दुसरीकडे ठरलेलं होतं,” तो म्हणाला. “साखरपुडा मोडायला कारण पाहिजे होतं.”

डॉक्टर आठल्ये पुढे झाले, कपाळ पुसत. “पुरे आता, रोहिणी. मी ऐकलंय ना? मंगळवारी तुझं काम होऊन जाईल, काळजी करू नकोस.”

“तुम्ही ऐकलंत हो डॉक्टर,” रोहिणी म्हणाली. “मागच्या रांगांना नाही ऐकू गेलं.”

आणि प्रभाकरकडे वळून, वर्गात एखाद्या मुलीला कविता परत म्हणायला सांगावी तशी, शांतपणे म्हणाली, “परत सांगा. पहिल्यापासून.”